व्यसनातून परतलेल्या मुलांना तालमीत जागा द्या: कोल्हापूरच्या तालीम मंडळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील तालीम मंडळांचे अध्यक्ष, वस्ताद आणि कार्यकर्ते यांस,

सप्रेम नमस्कार.

26 जून या दिवशी आपल्याकडे दोन निमित्ते एकत्र येतात. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा असल्याने शहरभर अभिवादनाचे कार्यक्रम होतात, आणि संयुक्त राष्ट्रांनी 1987 मध्ये ठरवल्याप्रमाणे तोच दिवस अमली पदार्थविरोधी दिन म्हणून जगभर पाळला जात असल्याने शाळा-महाविद्यालयांतून व्यसनमुक्तीची शपथही त्याच दिवशी घेतली जाते. शपथेसाठी रांगेत उभी राहणारी बहुतेक मुले व्यसनापासून दूरच असतात. ज्यांना व्यसन लागले आहे ती त्या रांगेत सहसा नसतात. हे पत्र या दुसऱ्या मुलांविषयी आहे, आणि त्यांतही जी उपचार घेऊन आपापल्या पेठेत, आपापल्या गल्लीत परत आली आहेत त्यांच्याविषयी.

मागणी आधीच स्पष्ट करतो. प्रत्येक तालमीने आपल्या भागातील अशा दोन-तीन मुलांना पहिले वर्षभर रोजच्या व्यायामात सामावून घ्यावे, आणि त्यांच्याबरोबर घरातल्या एका माणसालाही तालमीत येऊ द्यावे. व्यसनी मुलांच्या आईवडिलांबरोबर, पत्नींबरोबर आणि भावंडांबरोबर काम करताना जे दिसत आले आहे, त्यावरून ही मागणी करत आहे.

व्यसनाचा उपचार म्हणजे केंद्रात जाऊन येणे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात अंगातील नशा उतरण्याचा काळ तुलनेने लहान असतो. गर्द (ब्राऊन शुगर) किंवा अफूवर्गातील इतर पदार्थ बंद केल्यावर होणारा त्रास, ज्याला ही मुले ‘टर्की’ म्हणतात, तो अंगदुखी, उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून सतत येणारे पाणी आणि उडालेली झोप या रूपांत साधारण आठवडा-दहा दिवस छळतो, आणि औषधांनी तो बराच सुसह्य करता येतो. एमडीचे म्हणजे मेफेड्रोनचे तसे नाही. 2015 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलेला हा उत्तेजक पदार्थ बंद केल्यावर शरीराची तडफड कमी दिसते, पण मुलगा दिवसचे दिवस झोपून राहतो, कशातच रस घेत नाही, आणि ही उदासी कित्येक आठवडे रेंगाळते. अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. उत्तेजक पदार्थांच्या व्यसनासाठी त्या तोडीचे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. म्हणून एमडीतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत समुपदेशन, दिनक्रम आणि भोवतालची माणसे यांच्यावरच अधिक भार पडतो, आणि यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी दवाखान्यात मिळत नाहीत.

केंद्रातून घरी आल्यावर काय होते, हे घरच्यांना विचारावे. खोली तीच असते, मोबाइलमधले नंबर तेच असतात, कोपऱ्यावरची मुले तीच असतात, आणि संध्याकाळी पाच ते नऊ हा वेळ खायला उठतो. कामधंदा सुटलेला असतो किंवा मिळालेला नसतो. घरात त्याच्याशी होणारे बोलणे दोनच विषयांवर येऊन थांबलेले असते: पैसे आणि खोटे. कुठे गेला होतास, कुणाबरोबर होतास, डोळे लाल का आहेत, पाकिटातली नोट कुठे गेली, याशिवाय पाचवे वाक्य निघत नाही. आई कपड्यांचा वास घेते, वडील खिसे चाचपतात, बायको रात्री उठून तो अंथरुणात आहे का ते पाहते. या लोकांना दोष देणे सोपे आहे, परंतु जे दागिने विकले गेले आणि जी वचने मोडली गेली ती त्यांनी सोसलेली आहेत, तेव्हा त्यांचा संशय अगदी स्वाभाविक आहे. अडचण एवढीच की चोवीस तासांच्या या पहाऱ्याने मुलगाही थकतो आणि पहारा करणारेही थकतात, आणि नेमक्या त्या थकव्याच्या दिवसांत जुना मित्र भेटायला येतो.

कुटुंबाला उपचारात घेतले पाहिजे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केले, त्यामागे मुंबई-पुण्यातील गर्दच्या लाटेचा धक्का होता आणि पु. ल. व सुनीता देशपांडे यांची मदत होती. तेथे रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांसाठीही काम उभे राहिले आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट तयार झाला. त्याआधी, 1980 मध्ये, शांती रंगनाथन यांनी चेन्नईत सुरू केलेल्या टीटीके या व्यसनमुक्ती रुग्णालयातही कुटुंबीयांचे प्रशिक्षण हा उपचारांचाच भाग मानला गेला. परदेशातील एक अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. उपचार घ्यायला तयार नसलेल्या मद्यपींच्या नातेवाइकांचे तीन गट करून अमेरिकेत तुलना करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या नातेवाइकांना भांडण टाळून बोलायला, शुद्धीत असतानाच्या चांगल्या वागण्याची दखल घ्यायला आणि स्वतःचे आयुष्य सांभाळायला पद्धतशीरपणे शिकवले गेले, त्यांच्यापैकी 64 टक्के लोकांनी आपल्या माणसाला उपचारांपर्यंत आणले. सगळ्यांनी मिळून त्याला समोर बसवून जाब विचारायचा, या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होते, आणि नातेवाइकांनी केवळ स्वतःला सावरायचे, या पद्धतीत 13 टक्के. आपल्याकडे घरोघरी चालते ती पद्धत यांपैकी दुसरी, तीही शिवीगाळीसह.

आता व्यायामाविषयी, आणि येथे अतिशयोक्ती टाळलेली बरी. ‘घाम गाळला की नशा सुटते’ असे सांगणारे वस्ताद मी ऐकले आहेत; त्यांचा हेतू चांगला असला तरी विधान खरे नाही. व्यायाम हा उपचारांना पर्याय नाही, जोड आहे. झोप सुधारणे, अस्वस्थता आणि उदासी कमी होणे, आणि तलफ उठली असता ती काही काळ ओसरणे, एवढे त्याच्याकडून अपेक्षिता येते, आणि हे थोडे नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेथॅम्फेटामिन हा उत्तेजक पदार्थ सोडण्यासाठी उपचार घेणाऱ्या लोकांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, तासभर व्यायाम केला असता, नशेमुळे मेंदूत कमी झालेल्या, डोपामिन हे रसायन टिपणाऱ्या रिसेप्टरमध्ये सुधारणा आढळली. गट फार लहान होता, त्यामुळे त्यावर मनोरे रचू नयेत.

त्याहून मोठी चाचणी 302 उत्तेजक पदार्थ घेणाऱ्यांवर झाली आणि तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर जोमदार व्यायाम दिला गेला, दुसऱ्याला आरोग्याविषयीची माहिती. सर्वांची एकत्र गोळाबेरीज केली तेव्हा दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. परंतु ठरवून दिलेला व्यायाम कुणी खरोखर किती केला, हे हिशेबात धरल्यावर व्यायामाच्या गटाची बाजू सरस ठरली. अनेकांना हा निकाल निराशाजनक वाटतो, मला मात्र तो उपयोगी वाटतो, कारण नेमकी अडचण कुठे आहे हे तो दाखवतो. व्यायाम लिहून देणारा डॉक्टर मिळतो, करायची इच्छा असलेला मुलगाही मिळतो. पण पहाटे साडेपाचला जो मुलगा उदासीमुळे पांघरुणातून बाहेर येऊ शकत नाही, त्याचे दार वाजवणारा आणि तो न आल्यास चौकशी करणारा माणूस मिळत नाही.

तालमीत तो माणूस आहे. एखादा पठ्ठा दोन दिवस दिसला नाही तर वस्तादाच्या लक्षात येते, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन येतो. महिन्याची फी भरून घेणाऱ्या जिममध्ये हे होत नाही; तेथे गैरहजर सभासद मालकाला परवडतो. शिवाय कोल्हापुरात तालीम म्हणजे केवळ लाल माती नव्हे. खासबागचे मैदान महाराजांनी 1912 मध्ये उभे केले तेव्हापासूनची कुस्तीची परंपरा आहेच, पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे आज शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलसाठीही तेवढीच ओळखली जातात. 2019 आणि 2021 च्या महापुरात तालमींची मुले पाण्यात उतरली होती. गणेशोत्सव, पालखी, रक्तदान, कुणाच्या घरची मयत, या सर्व ठिकाणी ज्या मुलाचे नाव घेतले जाते, त्याला आपण कुणाचे तरी आहोत असे वाटते. व्यसन लागल्यावर तुटतो तो हाच धागा, आणि तो पुन्हा जोडण्याचे साधन आपल्या हातात आहे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला असा की तालीम ही निर्व्यसनी मुलांची जागा आहे आणि असा मुलगा आला तर बाकीचे बिघडतील. उपचार घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहून जो येतो, तो लपवून येणाऱ्यापेक्षा कमी धोक्याचा असतो, हे लक्षात घ्यावे. आणि थोडे अप्रिय बोलायचे तर, व्यायामाच्या जागाही आज निर्धोक राहिलेल्या नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब टिकवण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन दम टिकावा म्हणून व्यायाम करणाऱ्या तरुणांना विकल्याबद्दल राज्यात गुन्हे दाखल झाले आहेत, आणि शरीर झटपट भरण्यासाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांची गोष्ट तर उघड गुपित आहे. हे प्रकार आपल्या दारात येऊ न देणे ही कोणत्याही तालमीची पहिली जबाबदारी आहे, व्यसनमुक्त होणारा मुलगा तेथे असो वा नसो. नियम दोन असावेत आणि ते वेगळे असावेत. तालमीत नशेचा पदार्थ आणणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला तत्काळ बाहेर काढावे. स्वतः घसरलेल्याला मात्र त्या दिवशी आखाड्यात उतरू देऊ नये, घरच्यांना आणि त्याच्या समुपदेशकाला कळवावे, आणि पुन्हा यायला सांगावे. घसरण्याची शक्यता या आजारात गृहीतच असते. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून त्याला दवाखान्याबाहेर काढले जात नाही.

दुसरा आक्षेप प्रकृतीचा आहे आणि तो रास्त आहे. आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी शंभर जोर आणि दोनशे बैठका मारायला लावणे ही मर्दुमकी नव्हे. एमडीसारख्या उत्तेजक पदार्थांचा हृदयावर आणि रक्तदाबावर ताण येतो, म्हणून ईसीजीसह तपासणी करून डॉक्टरांची लेखी संमती घेतल्याशिवाय जोमाचा व्यायाम नको. पहिले काही आठवडे चालणे, हलके धावणे, सूर्यनमस्कार, एवढे पुरे. रंकाळ्याला एक फेरी किंवा विद्यापीठाच्या आवारात सकाळचे चालणे, यापासून सुरुवात व्हावी, आणि हळूहळू आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत जावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी किमान म्हणून सांगितलेला व्यायाम तेवढाच आहे. ज्यांनी सुईने नशा केली आहे त्यांना हिपॅटायटिस किंवा एचआयव्हीची बाधा असू शकते, पण ते विचारण्याचा तालमीला अधिकार नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय ही माहिती उघड करण्यास मनाई केली आहे. रक्त आले की कुस्ती थांबवायची आणि जखम झाकल्याशिवाय पुन्हा उतरायचे नाही, हा नियम सर्वच मल्लांना सारखा लागू केला की प्रश्न मिटतो.

आणि व्यायामाची शिक्षा करू नये. काही ठिकाणी, विशेषतः नोंदणी न करता चालवलेल्या तथाकथित व्यसनमुक्ती केंद्रांत, उठाबशा आणि पळवणे ही मारहाणीची दुसरी बाजू असते. तेथून आलेल्या मुलाच्या मनात व्यायामाचा धाक बसलेला असतो. त्याच्याशी वागताना वस्तादाला आपला नेहमीचा आवाज थोडा खाली आणावा लागेल.

घरच्या माणसाला बरोबर येऊ द्यावे, असे मी का म्हणतो ते सांगतो. बाप आणि मुलगा समोरासमोर बसले की पुन्हा जाबजबाब सुरू होतात. शेजारी शेजारी चालू लागले की तसे होत नाही. तासभर बरोबर चालताना दोघे दहा वाक्येही बोलत नाहीत, पण त्या दहांतली निदान सहा रस्ता, पाऊस, गुडघा आणि परवाचा सामना यांविषयीची असतात. पैसे आणि खोटे यांच्या पलीकडचा तिसरा विषय घरात येतो, तो असा. वडिलांना शक्य नसेल तर भाऊ, मेहुणा, मामा, कुणीही चालेल. पत्नीला किंवा आईला तालमीत प्रवेश नसेल, तर सकाळच्या फेरीत आणि मैदानावर त्यांना कुणी अडवलेले नाही. आणि व्यसन स्त्रियांनाही लागते, त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवणारी एखादी तालीम निघाली तर तिचे मोठे उपकार होतील. बरोबर येणाऱ्याने मात्र पहारेकरी म्हणून येऊ नये. स्वतः व्यायाम करावा. वर्षानुवर्षे रात्र जागून काढलेल्या या माणसांच्या पाठी, रक्तदाब आणि झोप यांचीही दैना झालेली असते.

तालमीने काही गोष्टी करू नयेत, हेही सांगणे आवश्यक आहे. मुलाची ओळख इतरांना ‘व्यसनमुक्त’ म्हणून करून देऊ नये, सत्कार तर मुळीच करू नये, आणि वर्गणीचे पैसे गोळा करण्याचे काम पहिले वर्षभर त्याच्याकडे सोपवू नये. विसर्जनाच्या मिरवणुकीनंतरच्या रात्री आणि पार्ट्या या त्याच्यासाठी सर्वांत अवघड असतात. त्या दिवशी त्याच्याबरोबर एक न पिणारा जाणता कार्यकर्ता असावा. डॉक्टरांनी दिलेली गोळी ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणून बंद करायला कुणी सांगू नये. ब्युप्रेनॉर्फिनवर असलेला मुलगा उपचार घेत आहे, नशा करत नाही.

एक धोका घरच्यांना आणि वस्तादांना दोघांनाही ठाऊक असायला हवा. अफूवर्गीय पदार्थ काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे घसरलेल्या मुलाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर ती जिवावर बेतू शकते. हाक मारून, हलवून तो उठत नसेल, श्वास मंदावला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला झोपू द्यावे असे म्हणू नये. 108 ला फोन करून त्याला कुशीवर वळवावे, काय घेतले हे डॉक्टरांना खरे सांगावे; नॅलोक्सोन हे उतारा म्हणून काम करणारे औषध वेळेत मिळाले तर प्राण वाचतात.

पोलिसांच्या भीतीने अनेक घरे गप्प राहतात. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम 64-अ प्रमाणे, नशा केल्याच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतले जाऊ शकते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारांत धरले आहे. तालमीतील एखाद्या वकील कार्यकर्त्याने एवढी माहिती पेठेत दिली, तरी काही मुले वर्षभर आधी उपचारांपर्यंत पोहोचतील.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात केवळ अफूवर्गीय पदार्थांच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे 77 लाख आहेत. एवढ्यांना पुरतील इतक्या खाटा कोणतेही सरकार उभारणार नाही, आणि उभारल्या तरी खाटेवरून उठल्यानंतरचे वर्ष उरतेच. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे व्यायामशाळांच्या अनुदानाची योजना आहे. अशा मुलांना सामावून घेणाऱ्या तालमींना तीत प्राधान्य द्यावे, अशी विनंती आपण सर्वांनी मिळून केल्यास ती एकट्यादुकट्या संस्थेच्या अर्जापेक्षा अधिक ऐकली जाईल.

आपल्या मंडळाच्या पुढील सभेत हा विषय चर्चेला घ्यावा. जबाबदारीसाठी एका वस्तादाचे आणि एका कार्यकर्त्याचे नाव ठरवावे, सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन तेथील डॉक्टरांशी बोलावे, आणि 14446 हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक तालमीच्या फळ्यावर लिहून ठेवावा. पेठेतील कोणत्या घरात असा मुलगा परतला आहे, हे आपल्याला बहुधा आधीच ठाऊक असेल. त्याच्या वडिलांना निरोप पाठवताना दोघांनीही यावे, असा पाठवावा.

आपला,
व्यसनग्रस्तांच्या कुटुंबीयांबरोबर काम करणारा एक कार्यकर्ता,
कोल्हापूर